एबीएस: दिवा विझवू नका, चाकाला विचारा

मागच्या भागात आपण बॅटरी आणि चार्जिंग यांवर बोललो. आज ब्रेककडे वळू, त्यातही एबीएसकडे. जुनी गाडी वापरणाऱ्यांच्या मनात या तीन अक्षरांची उगाचच धास्ती असते. गॅरेजवाला 'एबीएस गेलंय' म्हणाला की आपण खिशाकडे हात नेतो. मी सैन्यातल्या ईएमईचा माणूस. सारी नोकरी गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. तरी मागच्या वर्षी माझ्याच गाडीच्या एबीएसनं मला चांगलाच धडा शिकवला. तो आधी सांगतो.

मी मूळचा साताऱ्याचा, निवृत्तीनंतर देहरादूनला स्थायिक झालो. गाडी 2008 सालची, पेट्रोलवर चालणारी. तिची काही वर्षं चेन्नईत समुद्राजवळ गेली, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जुलै महिना, पाऊस नुकताच थांबलेला. आमच्या वसाहतीकडे येणारी गल्ली उताराची आहे. वेग ताशी दहा-बारा किलोमीटर, बैलगाडीचा म्हणा. फाटकासमोर शाळेची बस उभी होती आणि मुलं उतरत होती. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली गर्रर्र करून थरथरलं आणि गाडी थांबायची सोडून पुढे सरकत राहिली. शेजारी बसलेली ही ओरडली, "अहो, थांबवा ना!" मी हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या मुलाच्या दप्तरात आणि माझ्या बंपरमध्ये हातभर अंतर होतं.

डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर ही थरथर पहिल्यांदा झालेली नव्हती. तीन आठवड्यांत दोन-तीनदा पायाला जाणवली होती, आणि 'रस्त्यावर खडी असेल' म्हणून मी ती सोडून दिली होती. हाताखालच्या जवानानं असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं.

एबीएसचं काम काय

जोरात ब्रेक दाबला की चाक पूर्ण अडकतं आणि टायर रस्त्यावरून घसरतो. घसरणारं पुढचं चाक वळवूनही वळत नाही. म्हणजे तुम्ही स्टीअरिंग फिरवता आणि गाडी मात्र सरळच जाते. एबीएस चाक अडकू देत नाही. अडकायला लागलं की त्या चाकाचा ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, मग पुन्हा द्यायचा, असं सेकंदात अनेकदा. तुमचा पाय ब्रेकवर घट्ट असतानाही स्टीअरिंग तुमच्या हातात राहतं, ही त्याची खरी कमाई. मोटारींसाठी बॉशनं ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था 1978 साली मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आणली. आपल्याकडे नव्या मोटारींना ती 2019 पासून सक्तीची झाली, पण त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती आहे, आणि आज त्याच गाड्या जुन्या होत चालल्या आहेत.

माझ्या भाषेत सांगतो. चार चाकांजवळ चार चौक्या आहेत, म्हणजे चार सेन्सर. चाक किती वेगानं फिरतंय याची खबर प्रत्येक चौकी सतत पाठवते. मध्ये कमांडर बसलेला आहे, तो म्हणजे कंट्रोल युनिट. त्याच्या हाताखाली व्हॉल्व्ह आणि पंप. एखाद्या चौकीनं कळवलं, 'माझं चाक थांबलं,' आणि बाकीची तीन चाकं फिरतायत, की कमांडर ताबडतोब त्या चाकाचा ब्रेक सोडतो.

आता चौकीनंच चुकीची खबर दिली तर? चाक नीट फिरतंय, पण खबर आली 'थांबलं'. कमांडर ब्रेक सोडणारच. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं. कमांडर शहाणा होता, खबर खोटी होती. जुन्या गाडीच्या एबीएसमधला बराचसा बिघाड असा चाकापाशी असतो. म्हणून कमांडर बदलण्याआधी चौकीची तपासणी करायची. आजच्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

दिवे काय सांगतात

चावी फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर खूश होऊ नका. बल्ब गेलेला असेल, नाहीतर आधीच्या कोणीतरी काढून टाकलेला असेल. सेकंडहँड गाडी घेताना ही तपासणी फुकटात होते, ती जरूर करा.

चालत्या गाडीत फक्त पिवळा दिवा लागून राहिला, तर एबीएस स्वतःहून बाजूला झालेलं आहे. साधा ब्रेक चालू असतो. सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत जाता येतं, मात्र जोरात दाबलं तर चाक अडकेल हे ध्यानात ठेवून.

पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला तर प्रकरण गंभीर आहे. मागच्या-पुढच्या चाकांत दाब वाटून देणारी ईबीडी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते, किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असेल. गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक पाहा, ऑइल पाहा. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर गाडी चालवूच नका, टो करून न्या.

आणि माझ्यासारखं, दिवा एकही नाही पण कमी वेगात पेडल थरथरतंय, हा प्रकार सर्वांत फसवा. कमांडरला खबर खोटी आहे हे कळलेलंच नसतं, मग तो दिवा कशाला लावेल?

एक गल्लत इथे होते. वाकड्या झालेल्या डिस्कमुळेही पेडल हलतं. पण ते बहुधा जास्त वेगात, हलका ब्रेक लावला तरी जाणवतं, सोबत स्टीअरिंगही थरथरतं आणि वेग उतरला की थरथरही संथ होते. एबीएसची थरथर भराभर असते आणि बोनेटखालून पंपाची घरघर ऐकू येते.

आधी फुकटातल्या गोष्टी

पहिलं, ब्रेक ऑइल. डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर नुसतं भरून मोकळे होऊ नका. पॅड झिजले की पातळी उतरते, किंवा कुठेतरी गळती असते. ऑइल चहासारखं काळपट झालं असेल तर बदला. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट 4 चं नवं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. शिवाय त्या पाण्यानं एबीएसच्या आतल्या बारीक व्हॉल्व्हना गंज चढतो. साधारण दोन वर्षांनी बदललेलं ऑइल हा एबीएसचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

दुसरं, बॅटरी. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. दाब कमी पडला की कंट्रोल युनिट काम थांबवतं आणि दिवा लावतं. बॅटरी बदलल्यावर एबीएसचा दिवा आपोआप गेला, असं मी अनेकदा पाहिलंय.

तिसरं, फ्यूज. एबीएसला बहुतेक गाड्यांत एकाहून जास्त फ्यूज असतात. पंप आणि व्हॉल्व्हचे मोठे फ्यूज बोनेटखाली, कंट्रोल युनिटचा छोटा डॅशबोर्डखाली असू शकतो. सगळे पाहा. उडालेला फ्यूज बदलून पुन्हा उडाला, तर मोठा फ्यूज घालू नका. वायरिंगमध्ये शॉर्ट आहे.

चौथं, टायर. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असेल, तर ते चाक वेगळ्या गतीनं फिरतं आणि कमांडरला शंका येते. हवाही चारी चाकांत योग्य हवी.

स्कॅनर लावताना

यानंतर स्कॅनर. बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ रीडर बहुधा इंजिनचेच कोड वाचतात. ते 'पी' अक्षरानं सुरू होतात. एबीएसचे कोड 'सी' नं सुरू होतात, त्यांना एबीएस वाचणारा स्कॅनर लागतो. गॅरेजमध्ये तो असतो. कोड कागदावर लिहून घ्या, 'पुसून टाकलाय साहेब' एवढ्यावर परत येऊ नका.

कोड वाचताना एक घोटाळा होतो. 'डाव्या पुढच्या सेन्सरचा सर्किट' असा कोड आला म्हणजे सेन्सर गेला, असं नव्हे. त्या चौकीची खबर नीट येत नाही, एवढंच तो सांगतो. सेन्सर, त्याची वायर, कपलर, दातेरी रिंग, बेअरिंग, कारण यांपैकी काहीही असेल. आणि डावं-उजवं हे चालकाच्या जागेवर बसून मोजायचं.

कोड नसेल तर चालू आकडे पाहायचे. स्कॅनरवर चारी चाकांचे वेग एकत्र दिसतात. मोकळ्या मैदानात एकानं सरळ रेषेत गाडी हळू चालवायची, दुसऱ्यानं शेजारी बसून आकडे पाहायचे. ताशी वीसवरून हळूहळू शून्यावर आणा. तीन चाकं बारा दाखवतायत आणि चौथं मध्येच शून्यावर आपटतंय, तर गुन्हेगार सापडला. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं नाही, ही ताकीद समजा.

चाकापाशी

चाक उचलण्याआधी जमीन सपाट हवी. समोरच्या टोकाच्या चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली स्टँड द्या. मागचं चाक फिरवायचं असेल तर हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड.

पहिल्यांदा वायर. सेन्सरची वायर सस्पेन्शनबरोबर हलते, स्टीअरिंगबरोबर वळते. वर्षानुवर्षं वळून ती आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मल्टिमीटर लावून वायर हळूहळू वाकवत जा. आकडा उड्या मारायला लागला की तिथे तुटलेली आहे. उंदरांचे दात आणि कपलरमधला हिरवा गंज, हे आपल्याकडचे आणखी दोन नेहमीचे संशयित.

मग सेन्सर. जुन्या गाड्यांत बहुधा पॅसिव्ह प्रकारचा असतो: दोन वायरी, आत चुंबक आणि तारेचं वेटोळं. कपलर सोडवून त्याचा रोध मोजला तर साधारण एक ते दोन हजार ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. जमत असेल तर दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हातानं फिरवलं की थोडा दाब दिसला पाहिजे, आणि जोरात फिरवल्यावर वाढला पाहिजे.

नंतरच्या गाड्यांत अ‍ॅक्टिव्ह सेन्सर आले. त्यांना गाडीकडून वीजपुरवठा लागतो. त्यांचा रोध मोजायला जाऊ नका, हाती काही लागत नाही, उलट सेन्सर खराब होण्याची भीती. यांच्यात दातेरी रिंगऐवजी बरेचदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलटं बसवलं की चौकी मुकी. नवं बेअरिंग घातल्यावर लगेच दिवा लागला, तर पहिला संशय याचाच घ्यायचा.

शेवटी रिंग आणि फट. पॅसिव्ह सेन्सरचं टोक आणि रिंगचे दाते यांच्यात मिलिमीटरभर फट असते. सेन्सरच्या बैठकीखाली गंज फुगला की सेन्सर वर उचलला जातो, फट वाढते, खबर क्षीण होते. वेग कमी असताना तर मुळातच दाब कमी निर्माण होतो, म्हणून ही खोड हळू चालताना उघडी पडते. चुंबकाला ब्रेकची लोखंडी पूडही चिकटते, ती फडक्यानं पुसा. चाक वर-खाली धरून हलवा. ढिलं बेअरिंगही फट बदलतं.

माझ्या गाडीत काय निघालं

त्या दिवसानंतर मी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. अर्ध्या तासात निकाल आला: एबीएसचं पूर्ण युनिट बदला, बावन्न हजार रुपये. कोणत्या तपासणीवरून, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "गाडी जुनी आहे सर." दुसऱ्या गॅरेजात उलटा सल्ला: फ्यूज काढून टाकू, दिवाही लागणार नाही अशी सोय करू, शंभर रुपये द्या. एकजण कमांडरला बडतर्फ करायला निघाला, दुसरा सगळ्या चौक्याच बंद करायला.

फ्यूज काढून मी एकच गोष्ट तपासली. परेडच्या मोकळ्या मैदानात, इंजिन बंद करून फ्यूज काढला आणि दहा-पंधराच्या वेगात ब्रेक लावून पाहिला. थरथर गेली. म्हणजे दोष एबीएसच्या खबरीतच, ब्रेकमध्ये नाही. फ्यूज तिथेच परत बसवला. ही युक्ती निदानापुरतीच. असं करून रस्त्यावर जायचं नाही, कारण ईबीडीही जातं आणि मागची चाकं आधी अडकून गाडी गरकन फिरू शकते.

मित्राच्या स्कॅनरवर उजवं पुढचं चाक शून्याला आपटताना दिसलं. सेन्सरचा रोध मोजला, अकराशे ओहम, उत्तम. आणि मग मी ती चूक केली जी तुम्ही करू नये म्हणून हा भाग केलाय. सेन्सर चांगला आहे हे मीटर सांगत असताना मी नवा सेन्सर आणून बसवला. बावीसशे रुपये आणि एक रविवार गेला, थरथर तशीच. अनुभवाचा ताठा होता, दुसरं काय.

मग आमच्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रीकडे गेलो. त्यानं चाक काढलं, टॉर्च धरली आणि म्हणाला, "कर्नल साब, इसको हाथ से घुमाइए, धीरे." मी एक्सलवरची रिंग दाता-दाता पुढे सरकवत गेलो, तो नखानं चाचपत होता. एका ठिकाणी नख अडकलं. रिंगला केसाएवढी चीर. चेन्नईच्या खाऱ्या हवेत एक्सलवर गंज धरला, तो रिंगखाली फुगत गेला आणि एक दिवस रिंग तडकली. त्या जागी दोन दात्यांमधलं अंतर वाढलं. दर फेरीला तिथे खबर क्षणभर तुटायची, आणि ब्रेकवर पाय असेल तर कमांडर समजायचा, चाक अडकलं.

एक्सल बाहेर काढून जुनी रिंग कापून टाकली. खालचा गंज धातू दिसेपर्यंत घासला. हे टाळलं तर नवी रिंगही काही वर्षांत तडकेल. नवी रिंग गरम करून सरळ बसवली, फट तपासली. मजुरीसकट तीन हजारांच्या आत काम झालं. बावन्न हजारांचं युनिट घातलं असतं तरी गाडी थरथरतच राहिली असती.

युनिट खरंच जातं तेव्हा

जातंही. चारी चौक्यांच्या खबरी नीट आहेत, बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग चांगलं आहे, आणि कोड पंपाच्या मोटरचा, व्हॉल्व्हचा किंवा कंट्रोल युनिटच्या आतला आहे, तर युनिटकडे वळा. स्कॅनरनं पंप मुद्दाम चालवून पाहता येतो. काही युनिटांत आतला सोल्डर तडकलेला असतो, तो जाणकाराकडून दुरुस्त होतो. पण हे घरी करायचं काम नव्हे. युनिट काढलं की ब्रेकच्या नळ्या उघडतात, आत हवा शिरते, आणि काही गाड्यांत ती स्कॅनरशिवाय निघत नाही. अडकलेली हवा म्हणजे ऐन वेळी मऊ पेडल.

दुरुस्तीनंतर

कोड पुसून घ्या. बऱ्याच गाड्यांत दिवा थोडं चालवल्यावर, खबर खरी आल्यावरच विझतो. मग मोकळ्या, ओल्या किंवा मातीच्या मैदानात ताशी तीसच्या वेगात ब्रेक पूर्ण दाबा. पेडल थरथरलं पाहिजे, चाकं अडकता कामा नयेत, स्टीअरिंग वळलं पाहिजे. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर दहाच्या वेगात हलका ब्रेक लावा. तिथे थरथर मुळीच नको. दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरच काम पुरं.

हे सगळं स्वतःच्या हातानं करावं असं माझं म्हणणं नाही. पण गॅरेजमध्ये जाताना तीन प्रश्न घेऊन जा: कोड कोणता आला? चारी चाकांचे वेग पाहिले का? रिंग आणि वायर डोळ्यांनी तपासली का? उत्तर न देता कोणी थेट किंमत सांगायला लागला, तर चावी उचला आणि दुसरीकडे जा.

आणि पेडल वेगळं वागलं, एकदाच का होईना, तर त्याच दिवशी पाहा. मी तीन आठवडे थांबलो होतो. आजही त्या उतारावर शाळेची बस दिसली की माझा हात आपसूक हँडब्रेककडे जातो.

पुढच्या भागात स्टीअरिंगच्या खडखडीबद्दल बोलू. तोवर सावकाश चालवा. जय हिंद.